चाळणीबाईने घेतलेलं काम

घरी बसून भाषांतराची कामं करणाऱ्या त्या शहरातल्या लोकांमध्ये तिला चाळणीबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. उलट फोन उचलल्यावर ती स्वतःच म्हणायची, "हं, चाळणी बोलतेय. काय आणलंयस चाळायला?"

कुणाला नव्या पार्टीचं काम आलं आणि मनात शंकेची पाल चुकचुकली की आधी चाळणीबाईला फोन जाई. ती मजकूर मागवी आणि शेवटच्या पानापासून वाचायला घेई. "पहिल्या पानावर सगळेच साधू असतात," असं तिचं म्हणणं. सुरुवातीला असायचं ते शांत झोप, चांगलं पचन, मुलांचा अभ्यास, नवराबायकोतली गोडी. शेवटाकडे जावं तसा रंग बदलायचा. डॉक्टरांकडे जाऊ नका. शंका आली तर ती आजार समजा. घरच्यांना आपला मार्ग कळणार नाही, त्यांच्याशी कामापुरतंच बोला. एवढं वाचून झालं की ती पार्टीलाच फोन लावी आणि अगदी रटाळ प्रश्न विचारी. पुस्तक छापणार कुठे, विकणार कोण, तुमच्या ऑफिसात जेवणाची सुट्टी किती वाजता असते. खऱ्या ऑफिसातला माणूस बाकी काही सांगो न सांगो, जेवणाच्या सुट्टीची वेळ झटकन सांगतो. ही मंडळी नेमकी तिथेच अडखळत, कारण त्यांच्याकडे कुणाला सुट्टीच नसे.

औषधांच्या खोक्यांतल्या चिठ्ठ्या भाषांतरित करणारी एक जण होती, तिला सगळे गोळ्यावाली म्हणत. दोन मुलांची आई, आल्या कामाला नाही म्हणणं तिच्या जिवावर येई. तिला एकदा पाण्याने आजार बरे करण्याचं पुस्तक आलं. चाळणीबाईने मागचं पान वाचलं आणि विचारलं, "तुझ्या आईला साखरेचा त्रास आहे ना? हे छापून आलं, तिच्या हाती पडलं, आणि तिने उद्यापासून इंजेक्शन बंद केलं, तर चालेल तुला? चालत असेल तर घे खुशाल." गोळ्यावालीने काम परत पाठवलं आणि त्या दिवसापासून ती चाळणीबाईला विचारल्याशिवाय पाऊल उचलेनाशी झाली.

काही जण म्हणत, बाई फारच संशयी आहे. दुधाने तोंड भाजलेला माणूस ताक फुंकून पितो, ही तर साधं पाणीही फुंकून पिते. म्हणणाऱ्यांचं काय जातं? भाजलं कुठे, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

तिला एक बहीण होती, पाठची. आईवडील लवकर गेले आणि थोरलीने धाकटीला वाढवलं. वाढवलं म्हणजे वेण्या घातल्या, शाळेत पोचवलं, तापात उशाशी बसली, लग्न लावून दिलं, आणि ते लग्न वर्षभरात मोडलं तेव्हा "चल घरी" एवढंच म्हणून सामानाची ट्रंक उचलली. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीच्या खिडकीखाली लॉन्ड्रीचं मागचं अंगण होतं. दिवसभर वाफ वर यायची आणि काचा ओल्या राहायच्या. टेबल भिंतीपासून ओढून मध्ये घेतलेलं होतं, दोघींना समोरासमोर बसता यावं म्हणून. थोरली भाषांतर करी. झालं की धाकटी ते मोठ्याने वाची आणि थोरली मूळ मजकुरावर बोट ठेवून डोळे मिटून ऐके. कागदावर ठीक वाटलेलं वाक्य कानाला खुपलं की थोरली डोळे न उघडताच हात वर करी, आणि धाकटी थांबे. धाकटीचा आवाज असा, की पंपाच्या दुरुस्तीचं पुस्तकसुद्धा ऐकत राहावंसं वाटावं. हे थोरली कौतुकाने म्हणत नसे; तिला ते खरंच वाटत असे.

मग धाकटी गेली. भांडून नाही, पळून नाही. दातांच्या डॉक्टरकडे ओळख झालेल्या एका बाईसोबत ती संध्याकाळच्या बैठकीला जाऊ लागली. आधी झोप सुधारली, मग चेहरा शांत झाला, मग बोलणं कमी झालं. थोरलीला बरंच वाटलं होतं. मोडलेल्या संसाराचं दुःख कुठेतरी निवतंय, निवू दे, असं. एके दिवशी धाकटी बॅग भरून म्हणाली, "ताई, मी तिकडेच राहणार आहे." त्या मंडळींना थोरली मौनवाले म्हणे. त्यांचं खरं नाव काय ते सांगून उपयोग नाही, कारण ते सारखं बदलत असे.

थोरली त्यांच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची. एक सभ्य गृहस्थ बाहेर येऊन पाणी द्यायचा, "त्यांचं मौन चालू आहे," म्हणायचा आणि आत जाऊन दार लावायचा. थोरली त्या दाराशी रडली, ओरडली, पायरीवर बसून राहिली. शेवटी जिथून आली तिथे परत गेली. पोलिसांनी सांगितलं, बाई सज्ञान आहे, आपल्या मर्जीने राहतेय. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला आणि चाळायला सुरुवात केली. आपलं माणूस गेलं ते गेलं, निदान आपल्या लोकांच्या हातून दुसऱ्याचं जाऊ नये.

बरीच वर्षं गेली. मग एक प्रकाशनसंस्था म्हणवणाऱ्या पार्टीचा फोन तिलाच आला. शांत जगण्याबद्दलचं पुस्तक होतं. मुदत ऐसपैस, बोलणारा माणूस अदबशीर. अट एकच. झालेला मजकूर त्यांची व्यक्ती रोज घरी येऊन मोठ्याने वाचून दाखवणार आणि भाषांतरकाराने मूळ समोर ठेवून तो ऐकायचा. थोरलीने शेवटचं प्रकरण मागितलं. ते नंतर देऊ म्हणाले. जेवणाच्या सुट्टीबद्दल विचारलं. पलीकडचा माणूस अडखळला. तिला तेवढं पुरलं. पण तिचा खरा निकाल झाला होता तो त्या अटीवर. अशी माणसं मजकूर तपासायला म्हणून घरात येतात आणि माणूस तपासून जातात, हे ती सगळ्यांना सांगत आली होती. तिने नकार दिला आणि ओळखीच्या प्रत्येकाला कळवलं. गोळ्यावालीला तर दोनदा कळवलं. शहरातल्या एकानेही ते काम घेतलं नाही, आणि थोरलीला, खोटं कशाला बोला, अभिमान वाटला.

पुढे काही महिन्यांनी खालच्या लॉन्ड्रीत इस्त्रीला एक नवी बाई लागली. ती मौनवाल्यांच्या स्वयंपाकघरात राबून, तिथून बाहेर पडलेली होती. थोरली वाळलेल्या चादरी न्यायला गेली तेव्हा त्या बाईने तिला नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "तिसऱ्या मजल्यावर भाषांतर करतात त्या तुम्हीच का? तुमची बहीण होती आमच्यात."

"होती?" थोरलीने विचारलं.

"आहे, आहे. मी आता नाहीये, म्हणून तसं म्हणाले." बाईने इस्त्री उभी करून ठेवली. "तुम्ही ते पुस्तक नाकारलंत ना, त्याबद्दल विचारायचं होतं. का नाकारलंत हो? तिनेच तुमचं नाव सुचवलं होतं. वाचून दाखवायची अट पण तिनेच घालायला लावली. घरच्यांशी कामाशिवाय बोलायचं नाही, असा नियम आहे तिथे. मग ही म्हणाली, काम असेल तर चालेल ना? वरच्यांनी मान डोलावली. त्या दिवशी आनंदाने भाकऱ्या काय, पोळ्या काय, माझ्या हातातून काढून घेऊन स्वतः करत सुटली. म्हणायची, ताई ऐकताना डोळे मिटून घेते."

थोरलीने चादरींची चळत उगीच एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतली. "आणि मी नाही म्हटल्यावर?"

"वरच्यांनी तिला बोलावून सांगितलं. म्हणाले, बघ, आम्ही दार उघडलं होतं. तुझ्या ताईनेच लावलं."

करायला गेलो काय आणि झालं काय, असं आपण सहज म्हणतो. कपबशी फुटली तरी म्हणतो. त्या दिवशी थोरलीला ते शब्द तोंडातसुद्धा घेववेनात. आयुष्यभर चाळून चाळून तिने जे बाहेर फेकलं, त्यात तिचा एकुलता एक दाणा होता. ती जिन्यावर बसली. लॉन्ड्रीतल्या बायका कामाला लागल्या होत्या, कुणी पाहिलं नाही, आणि ती तोंडाला चादर लावून पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच पार्टीला फोन केला आणि काम मागितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गोळ्यावालीला कुणकुण लागली तेव्हा तिने चाचरत विचारलं, "बाई, हीच ना ती पार्टी? तुम्हीच तर म्हणाला होता." थोरली म्हणाली, "तू तुझ्या गोळ्या बघ." इतकं वाईट ती तिच्याशी कधीच बोलली नव्हती.

धाकटी आली. केस पांढरे झालेले, अंगावर राखाडी कपडे, पायांत जाड मोजे. बरोबर एक पोक्त गृहस्थ होता. तो दाराजवळची खुर्ची धरून बसला आणि गुडघ्यांवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे पाहू लागला. थोरलीला पुढे होऊन तिला पोटाशी धरायचं होतं. धाकटीने हात जोडले आणि ती आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसली. "सुरू करू या?" तिने विचारलं. आवाज होता तसाच होता. तो ऐकला आणि थोरलीचं निम्मं दुःख तिथेच विरघळलं. उरलेलं निम्मं मागाहून दुपटीने वसूल होणार होतं, पण ते तिला तेव्हा कुठे ठाऊक?

मग सुरू झाला तो भाषांतराच्या धंद्यातला एक तमाशाच होता. शहरातला सगळ्यांत झपाट्याचा हात एकाएकी गोगलगाय झाला. थोरली एकेका शब्दावर अडून बसायची. "शांत म्हणू की निवांत?" "निवांत बरं." "थांब, विचार करू दे." विचार उद्यापर्यंत चालायचा. जे एका बैठकीत व्हायचं ते ती आठवडाभर पुरवून खायची. धाकटी वाची, थोरली डोळे मिटून ऐके, मध्येच हात वर करी, कारण नसताना करी, आणि तो आवाज थांबून पुन्हा तेच वाक्य म्हणे. पुस्तक काय सांगतंय याकडे तिचं लक्ष नसे, आणि ज्याच्याकडे लक्ष नाही त्याचंही ती सुंदर भाषांतर करत होती. हाताला तेवढंच येत होतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे तिने दुसऱ्यांना किती वेळा ऐकवलं होतं.

एकदा तो गृहस्थ हात धुवायला आत गेला. नळाचा आवाज सुरू होताच थोरलीने टेबलावरून वाकून धाकटीचं मनगट धरलं. "ऐक. मागच्या जिन्याने खाली लॉन्ड्री आहे. तिथली बाई आपली आहे. चल, आत्ता चल."

"कुठे?" धाकटीने विचारलं. घाबरून नाही, तिला खरोखरच कळलं नव्हतं.

"कुठे म्हणजे? सुटून. त्यासाठीच आलीस ना?"

धाकटीने दुसरा हात थोरलीच्या हातावर ठेवला. कितीतरी वर्षांनी तिने आपणहून केलेला तो पहिला स्पर्श. "ताई," ती मायेने म्हणाली, "मी तुला न्यायला आलेय."

नळ बंद झाला. गृहस्थ येऊन बसला. धाकटी पुढचं पान वाचू लागली आणि थोरली डोळे मिटून ऐकू लागली, पण त्या दिवशी तिला एक शब्दही ऐकू आला नाही.

तरीही तिने काम सोडलं नाही. माणसाची आशा मोठी निलाजरी असते. ती मनाशी म्हणाली, न्यायला तर न्यायला, येतेय ना रोज? बसतेय ना समोर? असं करत ती शेवटच्या प्रकरणाला येऊन पोचली. ते त्यांनी अगदी शेवटी हातात दिलं.

त्यात दाराबद्दल लिहिलं होतं. तुमच्या मागे कुणी आलं आणि दार वाजवलं, तर उघडू नका. रडणाऱ्यांना रडू द्या. ते तुमच्यासाठी रडत नाहीत, स्वतःच्या सवयीसाठी रडतात. रडून माणूस हलका होतो आणि हलका झाला की आपोआप परत जातो. त्याच्यासाठी याहून मोठी दया नाही. थोरलीने तो मजकूर वाचला आणि तिला ती पायरी आठवली. ती तिथे बसलेली असताना दाराच्या आत हे वाचलं जात होतं.

दुसऱ्या दिवशी तिने जे लिहून ठेवलं होतं ते मुद्दाम कोरडं होतं, सरकारी नोटिशीसारखं. धाकटीने दोन ओळी वाचल्या आणि कागद खाली ठेवला. "हे तुझं वाटत नाही, ताई. हे नीट कर. हे सगळ्यांत महत्त्वाचं आहे."

"तू होतीस का आत?" थोरलीने विचारलं. "मी फाटकाशी यायचे तेव्हा?"

गृहस्थाने भिंतीवरची नजर काढून त्यांच्याकडे वळवली. धाकटीने त्याच्याकडे पाहिलं, मग थोरलीकडे.

"दाराच्या मागेच असायचे," ती म्हणाली. "तुझा आवाज यायचा. फार जड जायचं. एकदा तर कडीला हात लावला होता मी. मग या प्रकरणानेच धीर दिला, ताई. हे नसतं तर मी दार उघडलं असतं." तिचे डोळे भरून आले होते. "म्हणून म्हणते, चांगलं कर. तुझ्यासारखं कुणाला जमणार नाही. माझ्यासारख्या कितीतरी जणी असतील, दारामागे उभ्या. त्यांना हे लागेल."

थोरलीला तिचं बोलणं अक्षरशः पटलं. हेच तर होतं. अशा कितीतरी असतील, कडीला हात लावून उभ्या, आणि बाहेर कुणाची तरी ताई. तिने चांगलं लिहिलं तर ते हात खाली येतील. चांगलं कसं लिहायचं ते तिला येत होतं, वाक्यं मनात तयारही होऊ लागली होती. आणि तिने ती लिहिली, तर पुढचं पुस्तक येणार होतं, आणि त्याच्या पुढचं, आणि धाकटी म्हातारी होईपर्यंत या खुर्चीत बसून वाचणार होती.

"राणी," थोरली म्हणाली. लहानपणी ताप आला की ती तिला अशी हाक मारायची. "तू इथे राहा. पुस्तक जाऊ दे. काही न वाचता नुसती बसलीस तरी चालेल मला."

"पुस्तकाशिवाय मला येता येत नाही."

"मग हे माझ्या हातून होणार नाही."

धाकटीने कागद गोळा केले, कडा जुळवल्या, थोरलीने शिकवलं होतं तशाच, आणि उठली. "ठीक आहे, मॅडम," ती म्हणाली. "आम्ही दुसरं कुणी बघतो." जिन्यावरून दोघांची पावलं उतरत गेली. थोरली दारापर्यंत गेली आणि दाराला धरून उभी राहिली. हाक मारायला तोंड उघडलं, पण तिची हाक पुस्तकात लिहिली होती, आणि धाकटीला ती पाठ होती.

आधीची प्रकरणं त्यांच्याकडेच राहिली. ती छापू नका म्हणून थोरलीने कळवलं. उत्तर आलं नाही. मग तिने सगळ्या भाषांतरवाल्यांना सांगितलं की ती पार्टी कोण होती, आणि ते काम आपणच घेतलं होतं, चुकलं. चाळणीलाच केवढं भोक पडलं बघा, असं दोघाचौघांनी म्हणून घेतलं. फोन कमी झाले. तिने टेबल भिंतीकडे सरकवायचं ठरवलं, पण एकटीला ते हलेना.

गोळ्यावालीने मात्र विचारणं सोडलं नव्हतं. एका सकाळी तिचा फोन आला. "बाई, एक काम आलंय. पुस्तकाचं फक्त शेवटचं प्रकरण आहे. पैसे चांगले देतायत, आणि मला सध्या फार गरज आहे हो. त्यांची एक बाई येऊन वाचून दाखवणार म्हणे. काल भेटून गेली."

थोरलीने फोन दुसऱ्या कानाला लावला. "कशी होती?"

"जरा खोकत होती. पण आवाज काय आहे हो तिचा. नुसतं ऐकत राहावं. तशी वाईट वाटली नाही मला. बसता बसता म्हणाली, तुमचं टेबल छान आहे, समोरासमोर बसता येईल." गोळ्यावाली थांबली. "घेऊ का?"

खाली लॉन्ड्रीत कुणीतरी नळ सोडला होता. थोरलीने तो बंद होईपर्यंत वाट पाहिली.

"नको घेऊस," ती म्हणाली.

"मग उद्या ती आली की तसं सांगते."

"हो, सांग. पण लगेच सांगू नकोस. आधी आत घे, बसव. चहा दे तिला, आलं घालून. सावकाश पिऊ दे. मग सांग."